यादीतली नावं आणि बाटलीतले स्फटिक

बडोद्याहून एका संशोधक विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं इथे देते. कंसातले खुलासे माझे.

‘ताई, मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खंभातच्या आखातावरच्या कावी-कंबोईजवळच्या चिखलातल्या तिवरांच्या मुळांवरून एक बुरशी वेगळी केली. रंग पिवळसर हिरवा. डीएनएच्या आयटीएस भागावरून (बुरशी ओळखायला सहसा हाच भाग वाचतात) अ‍ॅस्परजिलस फ्लेवस किंवा ओरायझी, असं उत्तर आलं. समुद्री मीठ घातलेल्या तांदळावर ती वाढवली आणि इथाइल अ‍ॅसिटेटने अर्क काढला. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या प्लेटवर अर्काच्या चकतीभोवती छान वर्तुळ येतं (म्हणजे तिथे जिवाणू वाढत नाहीत). टीएलसी प्लेट (हिच्यावर अर्कातले पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर चढून सुटे होतात) अतिनील दिव्याखाली धरली की एक निळा ठिपका लख्ख चमकतो. फ्रीजमधल्या अर्काच्या बाटलीत कडेला सुईसारखे स्फटिकही धरलेत. आमच्या विभागात यंत्रं नाहीत, म्हणून बाहेरच्या एका लॅबकडून जीसी-एमएस (अर्काची वाफ करून त्यातले पदार्थ सुटे करायची आणि ओळखायची चाचणी) करून घेतलं, त्यांनी अडतीस नावांची यादी पाठवली. त्यात जंतुनाशक, कर्करोगविरोधी असं बरंच काही आहे. सर म्हणतात, लगेच पेपर लिही, सगळे असेच लिहितात. मला ती नावं पटत नाहीत. त्यात एक थॅलेट आहे, ते प्लास्टिकमध्ये असतं ना? घरी आई-बाबांचा धोशा आहे की औषध कंपनीत क्यूसीची (गुणवत्ता तपासणीची) नोकरी चालून आलीय, ती घे. काय करू?’

अगं, तुला यादी पटत नाही, हे या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य आहे. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट तू जाता जाता लिहून गेलीस, ते स्फटिक. त्यांच्याकडे येतेच, पण आधी यादी निकालात काढू.

जीसी-एमएसमध्ये अर्काचा थेंब अडीचशे-तीनशे अंशांच्या कक्षात जातो आणि त्याची वाफ होते. जे वाफ होऊन न मोडता कॉलममधून, म्हणजे लांब बारीक नळीतून, पार होतं, तेवढंच यंत्राला दिसतं. मेदाम्लं, त्यांचे एस्टर, सुगंधी तेलं, हायड्रोकार्बन यांच्यासाठी हे उत्तम यंत्र आहे. बुरशीचे नावाजलेले रेणू मात्र बहुतेक जड, ध्रुवीय किंवा नाजूक असतात. त्यांतले कितीतरी तिथे वर उठतच नाहीत, नाहीतर भाजून मोडतात. म्हणजे तुझ्या वर्तुळाला जबाबदार असलेला पदार्थ त्या अडतीस नावांत नसण्याचीच शक्यता जास्त.

शिवाय ती नावं येतात कुठून? यंत्र आलेखातल्या प्रत्येक पीकचा, म्हणजे शिखराचा, मास स्पेक्ट्रम (रेणूच्या तुकड्यांच्या वजनांचा ठसा) संगणकातल्या संग्रहाशी ताडून बघतं आणि सगळ्यात जवळचं नाव देतं. खरा पदार्थ त्या संग्रहात नसला तरी नाव येतंच. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्यात शिरून ‘जोशी कुठे राहतात?’ विचारलंस, तर कुणीतरी एक जोशी दाखवेलच. तुला हवे असलेले जोशी तेच का, हे तुलाच ठरवावं लागतं. संग्रहाच्या जुळणीला ९९९ पैकी गुण असतात. ९०० च्या वर असले तर जुळणी उत्तम समजतात, ६०० च्या खाली असले तर ती टाकाऊ. तुझ्या यादीत हे गुण दिलेत का, ते बघ. पीडीएफवर समाधान मानू नकोस, लॅबकडून मूळ डेटा फाइल माग. पैसे भरलेत, तो तुझा हक्क आहे.

थॅलेटबद्दल तू बरोबर ओळखलंस. नळ्या, बाटल्यांची झाकणं, पार्सलमध्ये आलेलं सॉल्व्हंट, कुठूनही ते अर्कात उतरतं. मास स्पेक्ट्रममध्ये १४९ चं ठळक शिखर दिसलं की पहिला संशय प्लास्टिकवर घ्यायचा. यादीत सायक्लो आणि सिलोक्सेन असे शब्द एकत्र असलेली नावं असतील, तर ती यंत्राचा कॉलम आणि इंजेक्टरची रबरी चकती यांची देणगी. ७३, २०७, २८१ ही त्यांची खूण. पामिटिक, लिनोलिक, ओलेइक आम्लं आणि त्यांचे एस्टर असतील, तर त्यांतला मोठा वाटा तांदळाचा असू शकतो. असे थॅलेट ‘समुद्री बुरशीचं जंतुनाशक द्रव्य’ म्हणून छापून आलेले पेपर आहेत. वाचले की जीव तुटतो, कारण त्यामागे कुणातरी मुलीची दोन-तीन वर्षं गेलेली असतात.

आता कोरा रन, म्हणजे बुरशीशिवायचा तोच प्रयोग. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून हे अगदी ठासून सांगते. बुरशीसाठी घेतलेस तितकेच तांदूळ, तितकंच मीठपाणी, तसाच फ्लास्क, तसंच ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणं), तितकेच दिवस त्याच रॅकवर. फक्त बुरशी टाकायची नाही. मग त्याच बाटलीतल्या इथाइल अ‍ॅसिटेटने, त्याच नळ्या वापरून अर्क काढायचा आणि शेजारी शेजारी चालवायचा. जी पीक दोन्हीकडे आहेत, त्यांच्यावर फुली. माझा अंदाज आहे की अडतीसातली बरीच नावं याच एका प्रयोगात गळतील. चकतीच्या प्रयोगातही हा कोरा अर्क लाव. लिनोलिक आम्लासारखी असंतृप्त मेदाम्लं स्टॅफिलोकॉकसला रोखतात, त्यामुळे नुसत्या तांदळाच्या अर्कानेही पुसटसं वर्तुळ येऊ शकतं.

आणि ‘ओळखलं’ हा शब्द कधी वापरायचा, याची रीत ठरलेली आहे. मेटाबोलोमिक्सवाल्यांनी, म्हणजे सजीवांतले छोटे रेणू मोजणाऱ्यांनी, २००७ मध्ये पायऱ्या आखून दिल्या. पहिल्या पायरीवर बसायचं तर खरा शुद्ध नमुना त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने चालवून निदान दोन स्वतंत्र गुणधर्म जुळले पाहिजेत. संग्रहातल्या स्पेक्ट्रमशी जुळलं, एवढ्यावर पदार्थ फार तर ‘संभाव्य’ ठरतो. तुझी यादी त्या ‘संभाव्य’मध्येही मोठ्या मुश्किलीने बसेल.

आता स्फटिक. तुझी बुरशी फ्लेवस-ओरायझीच्या घराण्यातली, वाढवलेली तांदळावर, आणि अर्कात सुयांसारखे स्फटिक. हे तिन्ही वाचल्याबरोबर माझ्या मनात पहिलं नाव आलं ते कोजिक आम्लाचं. जपानमध्ये १९०७ साली ते वाफवलेल्या भातावरच्या अ‍ॅस्परजिलस ओरायझीतूनच पहिल्यांदा मिळालं. हल्ली त्वचा उजळ करण्याच्या क्रीममध्ये घालतात. जिवाणूंवर त्याचा सौम्य परिणाम होतो. सिलिलेशन, म्हणजे सहज वाफ व्हावी म्हणून रेणूला सिलिकॉनचा गट जोडणं, केल्याशिवाय जीसीत ते नीट दिसत नाही, त्यामुळे यादीत त्याचं नाव नसलं तर नवल नाही.

हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. वरचा द्रव काढून घे, स्फटिक गार इथाइल अ‍ॅसिटेटच्या दोन-चार थेंबांनी धू, वाळव. काचेच्या चकतीवर कणभर घेऊन पाण्यात विरघळव आणि फेरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणाचा एक थेंब सोड. कोजिक आम्ल असेल तर क्षणात गडद लाल रंग येईल. इतर फिनॉलिक पदार्थही रंग देतात, म्हणून एवढ्यावर थांबायचं नाही. वितळणबिंदू घे, तो १५२ ते १५४ अंशांच्या आसपास हवा. मग दोन-तीन मिलिग्रॅम डीएमएसओ-डी६ या द्रावकात घालून प्रोटॉन एनएमआर, म्हणजे रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते चुंबकाच्या मदतीने बघायची चाचणी. रेणू अगदी छोटा आहे, वस्तुमान १४२. वलयावरच्या दोन हायड्रोजनांची दोन एकेरी शिखरं, एक ८ च्या जवळ, दुसरं साडेसहाच्या किंचित अलीकडे, आणि साडेचारच्या अलीकडे साखळीतल्या सीएच-टूचं. शेवटी बाजारात सहज मिळणारं शुद्ध कोजिक आम्ल शेजारी चालव. एवढं केलंस की एक पदार्थ तू खरोखर ओळखलास, पहिल्या पायरीचा. आणि माझा अंदाज चुकला, रंग आला नाही, वितळणबिंदू वेगळा निघाला, तर आनंदच आहे. शुद्ध स्फटिक हातात असणं हे या कामातलं सगळ्यात मोठं भाग्य. चांगला स्फटिक मिळाला तर क्ष-किरणांनी रचना थेट दिसते.

निळ्या ठिपक्याबद्दल मात्र मला काळजी वाटली. अ‍ॅस्परजिलस फ्लेवस, इथाइल अ‍ॅसिटेटचा अर्क आणि ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली लख्ख निळा ठिपका, हे एकत्र आलं की पहिला संशय अफ्लाटॉक्सिन बी-१ या बुरशीच्या विषाचा घ्यायचा. निळे चमकणारे इतरही पुष्कळ पदार्थ आहेत. पण ते नाही अशी खात्री होईपर्यंत ते आहे असं धरूनच हात लावायचा. ते माणसात यकृताचा कर्करोग करतं, आणि हे सिद्ध झालेलं आहे. तुमच्या शेजारच्या पंचमहालात आणि राजस्थानातल्या बांसवाड्यात १९७४ मध्ये बुरशी लागलेला मका खाऊन शेकडो माणसांना कावीळ झाली आणि शंभरावर दगावली. ते याच विषाने. तुझ्या आजीच्या वयाच्या माणसांना कदाचित आठवत असेल.

ओरायझी ही फ्लेवसची पाळीव बहीण, ती हे विष करत नाही, पण नुसत्या आयटीएसवरून दोघी वेगळ्या काढता येत नाहीत. अ‍ॅस्परजिलससाठी कॅल्मोड्युलिनचा जनुक वाचून घे. तोही या दोघींचा निवाडा नीट करेलच असं नाही, म्हणून विषाची थेट तपासणी हवीच. शुद्ध अफ्लाटॉक्सिन बी-१ शेजारी लावून क्लोरोफॉर्म-अ‍ॅसिटोन ९:१ मध्ये टीएलसी चालव. ठिपका त्याच उंचीवर आला, तर एलसी-एमएसमध्ये (यात वाफ न करता द्रवातच पदार्थ सुटे करून वजन मोजतात) ३१३.०७ वस्तुमानाचं शिखर बघ. गुजरातेत शेंगदाण्याची तपासणी करणाऱ्या फूड लॅब पुष्कळ आहेत, त्यांचं हे रोजचं काम. तुमच्याकडे स्टँडर्ड नसेल तर त्यांच्याकडे अर्क दे, पण आत काय असू शकतं ते लेबलवर स्पष्ट लिहून.

तोवर वाळलेला अर्क खरवडायचा नाही. कोरडी पूड उडते. वजन हुडमध्ये, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या कपाटात, हातात नायट्राइलचे मोजे. डीएमएसओमधलं द्रावण अंगावर सांडू द्यायचं नाही, ते कातडीतून आत शिरतं आणि सोबतचंही घेऊन जातं. वाढलेले फ्लास्क उघड्या टेबलावर उघडायचे नाहीत, बीजाणूंचा ढग उठतो. ऑटोक्लेव्हने बुरशी मरते, विष पुरेसं जात नाही, म्हणून भांडी सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून ठेवायची. हायपोक्लोराइट असलेलं भांडं मात्र ऑटोक्लेव्हमध्ये ढकलायचं नाही, क्लोरीन सुटतो. आणि स्फटिक धुतानाही हे सगळं पाळायचं, कारण वरच्या द्रवात ते विष असू शकतं.

आता वर्तुळ नक्की कशामुळे येतंय? याला तुमच्या विभागातच होणारी स्वस्त आणि सुंदर पद्धत आहे, टीएलसी बायोऑटोग्राफी. अर्क प्लेटवर चालवायचा, सॉल्व्हंट पूर्ण उडू द्यायचं, मग वरून स्टॅफिलोकॉकस मिसळलेलं कोमट, पातळ आगर ओतायचं. रात्रभर ठेवून सकाळी एमटीटीचं द्रावण शिंपडायचं. जिथे जिवाणू जिवंत, तिथे जांभळं होतं. जिथे मेले, तिथे फिका डाग राहतो. हाच डाग तुला कुठल्या ठिपक्यामागे जायचं ते दाखवतो. तो स्फटिकांच्या उंचीवर आला तर एक गोष्ट, दुसरीकडे आला तर काम आणखी रंगतदार. मग त्या ठिपक्यामागे लागायचं: अर्क नव्वद टक्के मेथेनॉल आणि हेक्झेन यांत वाटून मेद बाजूला काढायचा, सिलिका, सेफाडेक्स एलएच-२० यांनी भरलेल्या नळ्यांतून पदार्थ सुटे करायचे, शेवटी एचपीएलसी, म्हणजे जास्त दाबाने द्रव ढकलून हेच काम करणारं यंत्र. प्रत्येक टप्प्यावर परत तीच बायोऑटोग्राफी.

या चिकाटीचं मोल सांगणारी गोष्ट तुझ्याच विषयातली आहे. इटालियन संशोधक जुझेप्पे ब्रोत्झू यांनी १९४५ मध्ये सार्डिनिया बेटावरच्या काल्यारीजवळ, सांडपाणी समुद्राला मिळतं तिथून एक बुरशी मिळवली. तिचा अर्क जिवाणू मारत होता. ती बुरशी ऑक्सफर्डला पोहोचली. तिथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांना आधी जे मिळालं, त्यातला एक पदार्थ फक्त काही मोजक्या जिवाणूंवर चालायचा आणि दुसरा चक्क पेनिसिलिनचाच एक प्रकार निघाला. त्या दुसऱ्याचं शुद्धीकरण करताना त्यात किंचित प्रमाणात मिसळलेला तिसराच पदार्थ सापडला, सेफॅलोस्पोरिन सी. आज कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सेफिक्झिमपर्यंतचं सगळं कुळ त्याच घराण्यातलं. विशेष म्हणजे हा रेणू पाण्यात रमणारा. इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये तो येत नाही आणि जीसीत तर दिसणारच नाही. अर्क काढल्यावर तुझ्याकडे उरलेलं पाणी आहे ना, ते फेकू नकोस. गोठवून ठेव.

एलसी-एमएसला जाशील तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेव. मिठावर वाढवलेल्या अर्कात मीठ राहतं आणि ते सिग्नल दाबतं. आधी सी-१८ च्या छोट्या काडतुसातून मीठ धुऊन घे. तरी सोडियम चिकटलेली जोडपी दिसतील, २१.९८ च्या अंतराने. तो एकच पदार्थ, दोन नव्हेत. दुसरं, खाऱ्या पाण्यात क्लोराइडची रेलचेल असते आणि काही बुरश्या ते रेणूत गुंफतात. एका शिखराच्या दोन घर पुढे त्याच्या एक तृतीयांश उंचीचं शिखर दिसलं, तर क्लोरीन आहे असं समज आणि तिथे थांबून बघ. मिळालेलं अचूक वस्तुमान नॅचरल प्रॉडक्ट्स अ‍ॅटलासमध्ये शोध, तुकड्यांचे स्पेक्ट्रम जीएनपीएसवर टाक. दोन्ही फुकटचे ऑनलाइन संग्रह आहेत. तरीही तिथे मिळतो तो सुगावा, निकाल नव्हे.

यंत्रं विभागात नाहीत म्हणतेस. तासाभरावर वल्लभ विद्यानगरला सिकार्ट हे यंत्रांचं केंद्र आहे, भावनगरला सीएसएमसीआरआय ही संशोधन संस्था, आणि आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली यंत्रं दिसतात. फोन करून विद्यार्थ्यांचा दर विचार. अडतीस नावांच्या यादीवर जेवढे पैसे गेले, तसे पुन्हा घालवायच्या आधी नमुना शुद्ध कर. घाण अर्कावर महागडं यंत्र चालवण्यात काही अर्थ नाही.

सरांचं काय? ‘यादी चुकीची आहे’ असं म्हणत जाऊ नकोस. कोरा रन कर, दोन्ही आलेख एकाच कागदावर एकावर एक छाप आणि सरांसमोर ठेव. माणूस रसायनशास्त्रज्ञ असेल तर पुढचं त्यांना दिसेल. घाई पीएचडीच्या नियमापायी असेल, तर यूजीसीने २०२२ च्या नियमावलीत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली आहे. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय, ते कार्यालयात विचारून घे. आणि पेपर हवाच असेल तर छोटा पण खरा लिहा: या बुरशीतून अमुक पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळाला, हा त्याचा एनएमआर, हा त्याचा जंतूंवरचा परिणाम, आणि अफ्लाटॉक्सिन आहे की नाही याचा निकाल. कर्करोगाचं नाव त्यात नको. तुम्ही एकाही पेशीवर काही तपासलेलं नाही.

‘समुद्री बुरशी’ हा शब्दही जपून वापर. फ्लेवस ही मातीतली, शेंगदाण्या-मक्यावरची बुरशी. खंभातच्या आखातात मही, साबरमती, नर्मदा, तापी सगळ्यांचा गाळ येतो, आणि भरती इतकी मोठी की कंबोईच्या स्तंभेश्वर मंदिरातली पिंडी रोज पाण्याखाली जाते. तिथल्या चिखलातले बीजाणू शेतातून वाहून आलेले असू शकतात. ‘तिवराच्या मुळावरून मिळालेली’ असं लिही, ते निर्विवाद खरं आहे. मीठ घालून आणि न घालता वाढवून दोन्ही अर्क ताडून बघ. मिठाने रसायनं बदलत असतील तर तो स्वतंत्र, छापण्यासारखा निष्कर्ष आहे.

नोकरीबद्दल माझं स्पष्ट मत देते. क्यूसीचं काम हलकं नाही. एचपीएलसीवर बसून कोरा नमुना, स्टँडर्ड, नोंद यांची शिस्त तिथे अशी अंगात मुरते की विद्यापीठात कित्येकांना मुरत नाही. घरी पैशाची गरज असेल तर नोकरी घे आणि त्यात कमीपणा मानू नकोस. पण गरज नसेल आणि केवळ या यादीने उबग आला म्हणून सोडत असशील, तर सोडू नकोस. आई-बाबांकडे एका सत्राची मुदत माग. तेवढ्यात कोरा रन, स्फटिक, निळा ठिपका आणि बायोऑटोग्राफी एवढं होतं. त्यानंतर तुझ्या हातात काय आहे, हे तुला कळलेलं असेल, आणि निर्णय तू स्वतः घेशील.

आणखी एक काम, ते आजच. बुरशी पुन्हा पुन्हा नव्या प्लेटवर नेत राहिलं की ती कधी कधी रसायनं करणंच सोडते. पहिल्या प्लेटवरचे बीजाणू असतील तर ग्लिसरॉलमध्ये उणे ऐंशीला ठेव, चार तिरप्या नळ्या खनिज तेलाखाली ठेव, आणि एक कल्चर पुण्याला आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करून क्रमांक घे. पेपरमध्ये तो क्रमांक लागेल. नळ्यांवर तारीख, जागा आणि कितवी पिढी हे पेन्सिलने लिही. मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते.